चौकटीतून वळून पाहणारे पात्र : चित्रकथामालेतील थट्टा आणि मराठीतील ‘तू’-‘तुम्ही’

‘चौथी भिंत’ ही संज्ञा मराठी समीक्षेत नाट्यविचाराच्या वाटेने आली आणि अद्याप ती बहुतांशी तेथेच वावरते. नटाने आपल्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये एक भिंत उभी आहे असे समजून वावरावे, हा दिदरोचा १७५८ मधील विचार. मराठी रंगभूमीवर ही भिंत तशी उशिराच बांधली गेली. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’त सूत्रधार व विदूषक प्रेक्षकांच्या देखतच खेळ मांडीत होते. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले, तेव्हा कोठे तीन भिंतींची खोली आणि न दिसणारी चौथी भिंत हा संकेत मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडू लागला. (पुढे १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने माणसांचीच भिंत उभी केली आणि तिच्याकडून हवी तेव्हा पाठ फिरवून घेतली, हा भाग निराळा.) या इतिहासामुळे अभ्यासकांमध्ये एक सोयीस्कर समजूत रूढ झाली आहे. पात्राने मध्येच थांबून रसिकाशी बोलणे सोंगाड्याला ठाऊक होते, भारुडाला ठाऊक होते, दशावतारातील संकासुरालाही ठाऊक होते. तेव्हा पाश्चात्त्य चित्रकथांतील पात्रे वाचकाकडे वळून थट्टा करतात यात नवे ते काय, अशी ती समजूत. ती तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे चित्रकथा या रूपबंधाचा विचार सुरू होण्याआधीच संपून जातो.

सोंगाड्यासमोर प्रेक्षक बसलेला असतो. त्याच्या बतावणीला हशा मिळाला की ती लांबते, न मिळाल्यास तो विषय बदलतो. म्हणजे तेथे भिंत मोडली जात नाही. ती मुळात नसतेच. छापील पानाची गोष्ट वेगळी आहे. तेथे वाचक एकटा असतो, बहुधा गप्प असतो आणि पात्राला तो कधीच दिसणार नसतो. शिवाय चित्रकथेतील भिंत अदृश्य नाही. ती शाईने काढलेली चौकट आहे, डोळ्यांना दिसते, मोजता येते. विन्सर मॅके यांच्या ‘लिटल सॅमी स्नीझ’ या चित्रमालेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. १९०४ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये येणाऱ्या या मालेचा साचा ठरलेला होता. सहा चौकटी, सॅमीच्या नाकात हळूहळू जमत जाणारी शिंक, तिचा स्फोट, आजूबाजूच्या वस्तूंची दाणादाण आणि अखेर सॅमीची हकालपट्टी. २४ सप्टेंबर १९०५ च्या अंकात मात्र सॅमीभोवती कोणतीच वस्तू नव्हती. शिंक आली आणि चौकटच फुटली; तिचे तुकडे अंगावर घेऊन सॅमी बसून राहिला.

या विनोदाचे मर्म चौकट फुटण्यात जितके आहे, त्याहून अधिक ते वर्षभर ती न फुटण्यात आहे. वाचकाने त्याच सहा चौकटी आठवड्यामागून आठवडे पाहिल्या नसत्या, तर हा प्रयोग केवळ एक युक्ती ठरला असता. दीर्घ मालेतच या थट्टेला धार येते, याचे कारण मालेचा वाचक पात्राइतकाच, किंबहुना पात्राहून अधिक, त्या जगाचा जाणकार झालेला असतो. जॉन बर्न यांनी १९८९ मध्ये ‘सेन्सेशनल शी-हल्क’च्या पहिल्याच मुखपृष्ठावर नायिकेला वाचकाकडे वळवले. या वेळी माझा अंक विकत घेतला नाही तर घरी येऊन एक्स-मेनचे सगळे अंक फाडून टाकीन, अशा आशयाची तिची धमकी आहे. या धमकीतील ‘या वेळी’ला अर्थ आहे, कारण १९८० मध्ये सुरू झालेली तिची पहिली माला पंचवीस अंकांत गुंडाळली गेली होती. नायिकेला हे ठाऊक आहे, वाचकालाही ठाऊक आहे, आणि कथानकाला मात्र त्याच्याशी काहीही कर्तव्य नाही. तेव्हा येथे मोडतो तो भ्रम नव्हे. प्रकाशक, पात्र आणि ग्राहक यांच्यातील जुना हिशेब चव्हाट्यावर येतो. सोंगाड्याशी हिचे नाते लावण्यापेक्षा उधारीची वही उघडणाऱ्या वाण्याशी लावणे अधिक योग्य होईल.

मराठीत अशी दीर्घ माला होती काय? होती, पण ती परक्या पात्रांची होती. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये सुरू झाली, मराठीतूनही निघाली आणि १९९० मध्ये बंद पडली. तिचे आठशेहून अधिक अंक निघाले. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर हे तिचे मुख्य मानकरी. वेताळाच्या जगाची भिंत अभेद्य आहे. तो वाचकाकडे कधी डोळा मिचकावीत नाही. तरीही ली फॉक यांच्या निवेदनात वारंवार येणाऱ्या ‘जंगलातील जुन्या म्हणी’ पाहिल्या तर या थट्टेचे बीज तेथे आढळते. विसाव्या अंकानंतर त्या म्हणी खलनायकाला ठाऊक नसतात, वाचकाला असतात. आणि निवेदक त्या उच्चारतो तेव्हा वाचकाशी त्याची काहीशी संगनमताची नजरानजर होते. ‘अमर चित्र कथा’त अशी नजरानजर संभवत नाही. १९६७ मध्ये सुरू झालेल्या त्या मालेचा हेतू संस्काराचा होता, आणि पूज्य पात्राने वाचकाकडे वळून विनोद करणे तिच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते.

याच परिवारातील ‘टिंकल’ हे १९८० मध्ये निघालेले इंग्रजी मासिक अधिक मोकळे होते आणि त्यातील विनोदी मालांवर मराठी चित्रकारांचा हात फिरलेला आहे. राम वाईरकर यांचा सुपंडी आणि वसंत हळबे यांचा शिकारी शंभू ही दोन नावे पुरेशी आहेत. शंभूची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढलेली असते; वाचकाला त्याचे डोळे दिसत नाहीत. या तपशिलाकडे केवळ चित्रकाराची लकब म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्याला डोळेच नाहीत तो पात्र म्हणून वाचकाकडे पाहू शकत नाही. म्हणून शंभू भित्रा आहे हे गुपित त्याच्यावाचून, त्याच्या डोक्यावरून, चित्रकार आणि वाचक यांच्यात वाटले जाते. भिंत न मोडताही तिच्या पलीकडे बोलता येते, याचा हा उत्तम नमुना होय.

पात्राने प्रत्यक्ष वाचकाला गाठण्याचा प्रकार मराठीत चित्रकथेपेक्षा नियतकालिकातील सदराने अधिक समर्थपणे हाताळला आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकातील ‘घटका गेली पळे गेली’ हे ठणठणपाळाचे सदर येथे अर्थातच आठवते. जयवंत दळवी यांचे लेखन आणि वसंत सरवटे यांच्या रेषा यांतून सिद्ध झालेला हा ठणठणपाळ सुमारे दोन दशके वावरला. लेखक, प्रकाशक, समीक्षक यांची टोपी उडवताना तो ज्या मासिकात राहत होता त्याच मासिकाच्या व्यवहाराचा भाग होता, आणि वाचक हे जाणून होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा आणि गडकऱ्यांचा बाळकराम यांच्यापासून चालत आलेली ही परंपरा आहे. मराठी चित्रकथेतील आत्मभान असलेल्या विनोदाचे पूर्वज शोधायचेच असतील, तर ते तमाशाच्या फडात नव्हे, या छापील पानांत शोधावे लागतील. ‘इंद्रजाल’चे मराठी अंक मात्र ‘ललित’च्या अंकांसारखे ग्रंथालयांत बांधून ठेवण्याजोगे मानले गेले नाहीत. बालवाङ्मय म्हणून ते घराघरांतून रद्दीत गेले. त्यांच्या अनुवादाच्या भाषेवर विद्यापीठीय संशोधनात फारसे काही दिसत नाही, आणि हा विषय हलका असल्याची भावना हेच त्याचे कारण असावे.

तो हलका नाही, हे एका व्याकरणिक प्रश्नावरून दिसून येईल. इंग्रजी पात्र वाचकाकडे वळते तेव्हा त्याच्याजवळ संबोधनाचे एकच सर्वनाम असते. त्यात वय नाही, मान नाही, लिंग नाही, संख्याही नाही. मराठी पात्राला तोंड उघडण्याआधीच वाचक कोण हे ठरवावे लागते. ‘काय बघतोस?’ म्हटले की वाचक मुलगा झाला, ‘काय बघतेस?’ म्हटले की मुलगी. ‘काय बघताय?’ या रूपात लिंगाचा प्रश्न सुटतो, पण वाचक एक तर वडीलधारा होतो किंवा घोळका होतो. ‘बालमित्रांनो’ हा रूढ तोडगा सर्वांत वाईट, कारण त्याने एकट्या वाचकाला पकडण्याची सगळी गंमत जाऊन तेथे शाळेचा वर्ग भरतो. जाणता अनुवादक आज्ञार्थाचा (‘बघ जरा’) किंवा सकर्मक भूतकाळाचा (‘पाहिलंस ना?’) आश्रय घेईल, तेथे एकवचनी जवळीक राहते आणि लिंगही उघडे पडत नाही. मराठीतील या पळवाटा किती अनुवादकांनी जाणीवपूर्वक वापरल्या, हे जुने अंक समोर ठेवल्यावाचून सांगता येणार नाही.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचे मोलही सर्वत्र एक नाही. नवी मुंबईतील जुईनगर हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे ठिकाण आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आगरी-कोळी गावांच्या परिसरात ज्या वसाहती आखल्या त्यांपैकी ही एक. १९९० च्या दशकात हार्बर मार्ग खाडी ओलांडून पलीकडे गेला आणि तिच्या इमारतींतून घाटावरची, कोकणातली आणि परप्रांतातली कुटुंबे शेजारी-शेजारी राहू लागली. आगरी बोलीत वडीलधाऱ्यालाही ‘तू’ म्हणण्यात अनेकदा अवमान नसतो. त्याच जिन्यावरच्या दुसऱ्या घरात काकांना ‘तू’ म्हटल्यास मुलाला समज मिळते. ‘इंद्रजाल’ बंद पडल्यानंतर अशा वसाहतीत वाढलेल्या मुलाला वाचकाकडे वळणारे पात्र भेटले ते बहुधा इंग्रजीत किंवा दूरचित्रवाणीवर, म्हणजे मराठी सर्वनामाची निवड न करताच. मराठी चित्रकथा त्याच्याकडे वळेल तेव्हा ती कोणत्या घरातले ‘तू’ वापरणार, हा प्रश्न प्रमाणभाषेच्या वर्चस्वाचा आहे आणि तो विनोदाच्या रूपाने आला म्हणून लहान होत नाही.

शी-हल्कची ती धमकी मराठीत आणून पाहावी. ‘तुमच्या घरी येऊन सगळे अंक फाडीन’ हे वाक्य शेजारणीच्या भांडणासारखे वाजते. ‘तुझ्या घरी येऊन सगळे अंक फाडीन हं!’ म्हटले की सुट्टीत आलेली मावशी बोलते. आणि दोन्ही वाक्यांतून ‘तुझ्या’-‘तुमच्या’ गाळून नुसते ‘घरी येईन आणि सगळे अंक फाडीन’ असे लिहिले, तर सर्वनामावाचूनही वाचक दचकून अंकाची घडी घट्ट धरतो.