दस्तरखानावरचा डबा

आखाती देशांत कामाला गेलेल्या मजुरांच्या खोलीत रमजानच्या सहेरीला फारसा स्वयंपाक होत नाही. एका खोलीत सहा-आठ माणसे, शेगडी एक, आणि फज्रच्या अजानला अर्धा-पाऊण तास उरलेला. अशा वेळी फळीवरून एक डबा खाली येतो. पत्र्याचा, चौकोनी, एका टोकाला किंचित निमुळता. आत खारवून शिजवलेले मांस. त्याला इंग्रजीत ‘कॉर्न्ड बीफ’ म्हणतात. तव्यावर कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो परतायचे, चिमूटभर हळद घालायची, वर हा डबा उलटा करायचा. दहा मिनिटांत खुबूसबरोबर सहा जणांचे पोट भरते. खोलीत फिलिपिन्सचा ख्रिस्ती सोबती असेल तर तोही तेच खातो. त्याच्या देशात हा न्याहारीचा लाडका पदार्थ आहे.

या डब्याची कटकट ज्याने उघडला त्यालाच ठाऊक. डब्याला एक छोटी किल्ली चिकटवलेली असते. पत्र्याची अरुंद पट्टी तिच्यात अडकवून गोल गोल गुंडाळत न्यायची. निम्म्यावर ती पट्टी तुटते. मग सुरी, मग पक्कड, आणि शेवटी कापलेला अंगठा. आतला ठोकळा बाहेर यायला राजी नसतो. आला तर कडेला थिजलेल्या चरबीचा पांढरा थर. पातळ काप करायला जावे तर भुगा होतो. जाणकार सांगतात, डबा आधी फ्रिजमध्ये ठेवा, मग कापा. पण पहाटे चार वाजता हे शहाणपण कोणाला सुचते? शिवाय मीठ! शंभर ग्रॅममागे साधारण दोन ग्रॅम. सहेरीला ते पोटभर खाल्ले की जोहरच्या नमाजापर्यंत घशाला कोरड पडते आणि रोजेदार घड्याळाकडे बघू लागतो.

तरीही माणसे तो घेतात. कारण तव्याला लागून कुरकुरीत झालेल्या त्या खरपुडीला एक चव असते, आणि फ्रिज नसलेल्या घरात दोन वर्षे टिकणारे मांस दुसरे मिळत नाही.

नावातले ‘कॉर्न’ म्हणजे मका नव्हे. जुन्या इंग्रजीत कुठल्याही दाण्याला, कणाला ‘कॉर्न’ म्हणत. इथे तो दाणा म्हणजे जाड मिठाचा खडा. कोकणात बांगडा खारवतात, घरोघर कैरी मिठात मुरवतात, तोच हा उद्योग. मीठ पाणी ओढून घेते, नासणे थांबते, आणि आजचे अन्न उद्यासाठी राहते.

हा डबा आपल्या गावच्या दुकानात मिळत नाही, मिळणारही नाही. महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीवर कायद्याने बंदी आहे. १९७६ च्या कायद्यात गाईचा समावेश होता, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. परदेशातून कोणत्याही स्वरूपात गोमांस भारतात आणायलाही मनाई आहे. त्यामुळे आखातातून सुटीवर येणारा माणूस खजूर आणतो, अत्तर आणतो, दुधाची पावडर आणतो. हा डबा तिथेच राहतो. कायदा पाळला जातो, शेजाऱ्याच्या भावनेची बूज राखली जाते, त्यात तक्रार काही नाही. इथे सांगायचे आहे ते या डब्याच्या प्रवासाबद्दल. अन्न कोणाचे, भूक कोणाची आणि ताटात काय वाढायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्या प्रवासात जागोजाग भेटतो. आणि रमजान हा तर भुकेचा विचार करण्याचाच महिना आहे.

या मांसाची मोठी बाजारपेठ उभी राहिली आयर्लंडमध्ये. इंग्लंडने १६६३ आणि १६६७ च्या कायद्यांनी आयरिश जनावरांची जिवंत आयात रोखली. गुरे आयर्लंडमध्येच पडून राहिली, भाव कोसळले. मग व्यापाऱ्यांनी ती तिथेच कापून, खारवून, पिंपांत भरून जहाजांवर चढवली. कॉर्क हे बंदर त्या व्यापाराचे केंद्र बनले. चांगला माल आरमाराला आणि श्रीमंत गिऱ्हाइकांना. हलका माल कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत, साखळदंडातून आणलेल्या गुलामांच्या वाट्याला. आणि ज्या आयरिश शेतकऱ्याच्या देशातून हे सगळे जात होते, त्याच्या ताटात बटाटा. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि सुमारे १० लाख माणसे भूक आणि साथीने मेली. त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून गुरे आणि धान्य इंग्लंडला जात होते. अन्न होते, पण ते विकत घेण्याची ऐपत भुकेल्याकडे नव्हती.

या कहाणीचे एक गोड पानही आहे. त्या दुष्काळातून पळून न्यूयॉर्कला गेलेल्या आयरिश कॅथलिकांना तिथे परवडणारे खारवलेले मांस मिळाले ते शेजारच्या वस्तीतल्या यहुदी खाटकांकडे. ते आपल्या धर्मनियमांप्रमाणे कोशर मांस विकत. गिऱ्हाईक ख्रिस्ती, दुकानदार यहुदी, पदार्थ एक. सोबत शिजायला कोबी आला आणि अमेरिकेतल्या आयरिशांच्या सणाचे, १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाचे, तेच पक्वान्न ठरले. हा दिवस कॅथलिकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात येतो. त्या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य. २०१७ मध्ये १७ मार्च शुक्रवारी आला, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक बिशपांनी त्या दिवसापुरती सवलत दिली. सण आणि उपवास यांचा मेळ घालण्याची कसरत सगळ्याच धर्मांत असते.

पिंपाचा डबा व्हायला युद्ध कारणीभूत झाले. फ्रान्समध्ये निकोला अपेर याने हवाबंद बरणीत अन्न उकळून टिकवण्याची रीत शोधली आणि १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट निघाले. १८७५ मध्ये शिकागोत तो निमुळता डबा आला. रुंद बाजूने उघडला की ठोकळा अखंड घसरून बाहेर यावा, ही त्यामागची युक्ती. उरुग्वेमधले फ्राय बेंटोस हे नदीकाठचे गाव तर या डब्यावरच उभे राहिले. पन्नासहून अधिक देशांतले मजूर तिथे राबले. १९७९ मध्ये कारखाना बंद पडला आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा मानले.

डब्याने माणसे जगवली, तशी आजारीही पाडली. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात टायफॉइडची साथ आली. ४०० हून अधिक लोकांना लागण झाली. चौकशीत बोट गेले दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका मोठ्या डब्याकडे. कारखान्यात गरम डबे थंड करायला नदीचे अशुद्ध पाणी वापरले होते आणि डब्याच्या सांध्यातल्या बारीक फटीतून ते आत शिरले असावे. दुकानात तो डबा फोडला, काप करायच्या यंत्राला जंतू लागले, आणि यंत्रातून ते इतर मांसातही गेले. स्वस्त अन्न पुरवणाऱ्याने पाण्यात काटकसर केली आणि किंमत मोजली ती हजारो मैलांवरच्या माणसाने.

या डब्याशी आपला खरा संबंध आला पहिल्या महायुद्धात. ब्रिटिश शिपायाला खंदकात हाच डबा मिळे. ‘बुली बीफ’ हे त्याचे खंदकातले नाव. भारतीय शिपायापुढे तो ठेवणे शक्य नव्हते. फ्रान्समधल्या भारतीय पलटणींसाठी जिवंत बकरे पुरवले गेले. मुसलमानांसाठी हलाल, इतरांसाठी झटका. जखमी भारतीय शिपायांसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ उघडले, तेव्हा तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या लोकांसाठी नऊ स्वयंपाकघरे मांडली गेली. साम्राज्याचा त्यात स्वार्थ होता, हे उघड आहे. पण खाणाऱ्याला विचारल्याशिवाय पानात वाढायचे नसते, एवढे तिथे कळले होते.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ते जमले नाही. पुणे डिव्हिजनचे सैन्य डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला, तेव्हा घोडे कापले गेले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. बहुतेक भारतीय शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नाकारले. गावी गेल्यावर आपले लोक काय म्हणतील, ही भीती मोठी होती. हिंदुस्थानातल्या धर्मप्रमुखांकडून परवानगीचे निरोप मागवावे लागले. अखेरच्या आठवड्यांत अनेकांनी ते खाल्ले, पण तोवर कित्येक जण अशक्तपणाने आणि स्कर्व्हीने खंगले होते. त्या हट्टाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण पोटात काही नसतानाही ताटातले काय आपले आणि काय नाही, हे ठरवण्याचा हक्क माणूस सहज सोडत नाही. भुकेल्यालाही आवड असते, नावड असते, विधिनिषेध असतो.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर या डब्याला ‘पिसुपो’ म्हणतात. तिथे आलेल्या पहिल्या डब्यांत वाटाण्याचे सूप, म्हणजे ‘पी सूप’ होते; त्यावरून सगळ्याच डब्यांना ते नाव पडले आणि पुढे या मांसाला चिकटले. लग्नात, मयतीला आहेर म्हणून पिसुपो देतात. ताजे मासे आणि नारळ खाणाऱ्या त्या लोकांत आज लठ्ठपणा आणि मधुमेह मोठ्या प्रमाणावर आहे. त्यात केवळ डब्याचा दोष नाही. श्रीमंत देशांत जे खपत नाही, ते तिथल्या बाजारात येते. टर्कीच्या चरबट शेपट्या त्यातल्याच. सामोआने २००७ मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली. जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती उठवणे मान्य करावे लागले.

म्हणजे तीनशे-साडेतीनशे वर्षांत डबा बदलला, बंदरे बदलली, पण एक रीत फारशी बदलली नाही. उरलेले, हलके, न खपलेले ते गरिबाकडे सरकवायचे आणि त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवायची.

हीच वस्तू वेगळ्या नियतीने दिली तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. हजच्या काळात मीनामध्ये लाखो कुर्बान्या होतात. एके काळी त्यातले बरेच मांस साठवण्याची सोय नसल्याने पुरावे लागे. १९८३ मध्ये इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या व्यवस्थापनाखाली ते गोठवून मक्केतल्या गरिबांना आणि अनेक देशांतल्या गरजूंना पोहोचवण्याची व्यवस्था सुरू झाली. तुर्कस्तानची रेड क्रेसेंट संस्था कुर्बानीचे मांस शिजवून डबाबंद करते. वीज नसलेल्या छावणीतही ते टिकते. वाया जाणारे वाचले, आणि ज्याला गेले त्याच्या खाण्यात ते बसणारे आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. रमजानमध्ये गरजू घरांसाठी रेशन किट वाटण्याची चांगली प्रथा रुजली आहे. मशिदींचे ट्रस्ट, तरुण मंडळे, कितीतरी ठिकाणी हिंदू व्यापारीही त्यात हात घालतात. पण किटमध्ये काय असावे, हे घेणाऱ्या बाईला कोणी विचारतो का? घाऊक बाजारात त्या आठवड्यात जे स्वस्त, ते पिशवीत जाते. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्याच्या घरी चार किलो साखर पोहोचते. भात खाणाऱ्या घरी मैदा जातो. मुदत संपत आलेले तेल ‘सवाबचे काम’ म्हणून दुकानातून बाहेर निघते. आणि पिशवी हातात देताना फोटो निघतो.

फित्र्याचा नियम पाहिला तर वाट दिसते. ईदच्या नमाजाआधी माणशी ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत द्यायची असते. कोकणातले शाफई मुसलमान ते तांदळात मोजतात, कारण तिथले रोजचे अन्न तांदूळ. हनफी गव्हाचा हिशेब धरतात. फित्रा मोजायचा तो लोकांच्या रोजच्या खाण्यात, दुकानातल्या शिलकीत नव्हे. दान देताना निकृष्ट ते निवडू नका, अशी ताकीद कुराणातही आहे, आणि ‘आपण जेवू तेच अतिथीला वाढावे’ हे या मातीतल्या कोणत्याही घराला सांगावे लागत नाही.

तेव्हा यंदा किट भरणाऱ्यांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात. यादी करायला जाणाऱ्याने नावाबरोबर घरात काय खातात आणि कोणाला काय पथ्य आहे, एवढे लिहून आणावे. जमेल तिथे पिशवीऐवजी ओळखीच्या किराणा दुकानाची चिठ्ठी द्यावी. बाईने आपल्या हाताने निवडावे. आणि फोटो काढू नये. खर्च तेवढाच होईल. घेणाऱ्याची मान मात्र ताठ राहील, आणि रोजा धरून भुकेची थोडी ओळख करून घेतलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.