विमान थांबले, पाय चालू द्या

ऑस्ट्रेलियात मुलांकडे निघालेले अनेक ज्येष्ठ वाटेत सिंगापूरच्या चांगी विमानतळावर चार-पाच तास खुर्चीतच पेंगत काढतात. खरे तर ही वेळ चालण्याची. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती फुफ्फुसात पोहोचली तर जिवावर बेतते. टर्मिनल ३ मधील फुलपाखरांच्या बागेपर्यंत फेरी मारावी, पाणी प्यावे. शहरात जायचे असेल तर व्हिसा आधीच पाहावा, डासरोधक मलम लावावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली, तर शीण समजून अंगावर काढू नये. तिकीट काढून देणाऱ्या मुलांनी हेही आईवडिलांना सांगावे.