मोगली कुणाचा?

"आमच्या वेळची कार्टून चांगली होती. आताची ही जपानी कार्टून पाहून मुले बिघडली." हे वाक्य तुम्हीही घरी ऐकले असेल. आमच्या घरी तर ते जेवायला बसले की हमखास ऐकू येते. आमचे भाईजान चाकणच्या एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये काम करतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आठवीत शिकतो. जपानी कार्टूनला ॲनिमे म्हणतात, आणि या ॲनिमेचे त्याला फार वेड आहे. तो नुसता पाहत नाही, वहीत ती माणसे काढत बसतो. मोठमोठे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस! गणिताची वही मागच्या बाजूने भरत येते आणि पुढच्या बाजूने कोरी राहते, अशी भाईजानांची तक्रार. तक्रार खोटी नव्हती. सहामाहीचे गुण पाहून त्यांनी ती वही कपाटात कुलूपबंद करून ठेवली. तेव्हापासून बापलेकांत बोलणे कमीच झाले होते.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भायखळ्याला खालांकडे गेलो. आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारची सुट्टी असते. म्हणून गुरुवारी सकाळी चिंचवड स्टेशनवर सिंहगड एक्सप्रेस पकडली. दुपारी काय पाहायचे यावर बराच वाद झाला. शेवटी पेडर रोडवरचे भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय ठरले. हे संग्रहालय २०१९ साली सुरू झाले. त्याचा एक भाग गुलशन महल नावाच्या जुन्या बंगल्यात आहे. 'गुलशन' या शब्दाचा अर्थ तुम्हांला मी सांगायला नको!

सिनेमाचा जन्म कसा झाला हे सांगणाऱ्या दालनात आम्ही पुष्कळ वेळ होतो. जुनी यंत्रे, जुनी चित्रे पाहता पाहता भाईजानांना आपले लहानपण आठवले. ते सांगू लागले, "१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. आमच्या चाळीत टीव्ही एकच. आम्ही पोरे अर्धा तास आधी जाऊन पुढची जागा धरायचो. गाणे सुरू झाले की सगळी चाळ गाऊ लागायची." मग त्यांनी बघीरा, बल्लू, शेरखान यांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "त्याला म्हणतात कार्टून! आपल्या मातीतले."

भाचा हळूच म्हणाला, "अब्बा, मोगलीसुद्धा जपानीच होता."

भाईजान चमकले. मलाही आधी खरे वाटले नाही. पण मुलगा बरोबर बोलत होता. ती मालिका जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली तयार केली होती. तिचे बावन्न भाग होते. दूरदर्शनवर आपण पाहिली ती तिची हिंदी आवृत्ती.

मग मोगली कुणाचा? मूळ गोष्ट रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाची. त्याचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्याचे वडील इथल्या जे. जे. कलाशाळेत शिकवत असत. 'जंगल बुक' हे पुस्तक त्याने अमेरिकेत राहून लिहिले आणि ते १८९४ साली प्रसिद्ध झाले. गोष्टीतले जंगल मध्य प्रदेशातील सिवनीचे. चित्रे काढली जपानी माणसांनी. हिंदी गाणे लिहिले उर्दूचे कवी गुलज़ार यांनी आणि त्याला चाल लावली विशाल भारद्वाज यांनी. शेरखानाला आवाज दिला आपल्या मराठी नाना पाटेकरांनी. एवढ्या माणसांचे हात आणि गळे लागले, तेव्हा कुठे तो चाळीतल्या एका टीव्हीपर्यंत पोहोचला. भाईजान त्याला 'आपल्या मातीतला' म्हणाले यात मला चूक वाटत नाही. मात्र मुलाने आज एखादे जपानी चित्र आपले मानले, तर तीही चूक कशी म्हणायची?

गंमत अशी की जपानशी भाईजानांचा रोजचाच संबंध आहे. त्यांच्या कारखान्याच्या भिंतीवर पाच जपानी शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते बाजूला काढा, हवे ते जागच्या जागी ठेवा, स्वच्छता करा, ती टिकवा आणि शिस्त अंगी बाणवा. आमच्या भागातील कितीतरी कारखान्यांत हे शब्द दिसतील. कामगार ते मराठी शब्दांसारखे सहज बोलतात. बापाला जपानी शब्द कारखान्यात मिळाले, मुलाला टीव्हीवर मिळाले. बापाचे शब्द तेवढे कामाचे आणि मुलाचे बिघडवणारे, हा न्याय मला पटत नाही.

मोठ्या माणसांची सारीच काळजी खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. तासन्‌तास पडद्यासमोर बसणे वाईटच. काही ॲनिमे मोठ्यांसाठी केलेले असतात, ते लहानांनी पाहू नयेत. गणितही सोडून चालत नाही. पण पाहणे वेगळे आणि काढणे वेगळे. हा फरक मोठी माणसे विसरतात.

चित्र काढणे म्हणजे किती काम, याचा हिशेब भाच्याने त्याच दिवशी मांडला. आम्ही बाहेर झाडाखाली बसलो होतो. तो म्हणाला, "सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. जपानी लोक एकच चित्र दोनदोन, तीनतीन चौकटींना वापरून काम वाचवतात. समजा, सेकंदाला आठच चित्रे धरली, तरी वीस मिनिटांना किती?" भाईजानांनी बोटांवर हिशेब केला. "नऊ हजार सहाशे," ते म्हणाले आणि गप्प झाले. काही वेळ चित्र स्थिर ठेवतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी होतो. तरीही हजारो चित्रे! पूर्वी प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर उतरवत, मागून रंग भरत, ते रंगवलेल्या देखाव्यावर ठेवत आणि मग एकेकाचा फोटो घेत. शिफ्टमध्ये किती नग काढायचे हे ज्याला रोज मोजावे लागते, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

हे काम फक्त जपानी माणसांनाच जमते असेही नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या थोड्याथोड्या सरकवून, दर वेळी चित्र घेऊन, 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला होता. राम मोहन यांनी १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात कामाला सुरुवात केली. पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर त्यांनी रामायणावरील चित्रपट केला. तो १९९२ साली पूर्ण झाला आणि २०२५ साली आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. तेव्हा पुष्कळ आईबापांनी तो मुलांना दाखवला. भारतीय आणि जपानी हातांनी मिळून केलेले ते काम आहे.

अशी जुनी चित्रे मांडली की मोठी माणसे तिथे हळवी होतात. होऊ देत. पण नुसते "आमच्या वेळी" म्हणत पुढे सरकण्यासाठी मुलांना तिथे नेऊ नये. तिथे कोरा कागद, पेन्सिल आणि फिरवून पाहायचे चित्रचक्र ठेवावे. चिंचवडला सायन्स पार्क आहे. तिथे मुले यंत्रे हाताळून पाहतात. चित्र कसे हलते हे सांगणारा एक कोपरा त्याच गावात का नसावा? यंत्रांच्या गावात आपली मुले मशीन चालवायला शिकतील, तशी चित्रे चालवायलाही शिकू देत. शाळेच्या स्नेहसंमेलनातही हे जमण्यासारखे आहे. त्याला खर्च येतो दोनशे पानी वहीचा.

परत येताना गाडीत भाईजान फारसे बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कपाटाचे कुलूप काढले. गणिताची वही मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही पुढून भरायची." शेजारी एक कोरी वही ठेवली. तिच्याबद्दल काही बोलले नाहीत.

आता त्या कोऱ्या वहीच्या कोपऱ्यांत एक बकरी धावते. पाने अंगठ्याने भराभर सोडली की ती उडी मारते. भाईजान रात्री कामावरून आले की हात धुण्याआधी विचारतात, "किती झाली?" काल एकशे बारा झाली होती. बकरी अजून अंगणातच आहे, दारापर्यंत पोहोचायची आहे.