बंदिवानाचा मुका सोबती

भिवंडीच्या न्यायालयातून सायंकाळी निघणारी पोलिसांची गाडी कच्च्या कैद्यांना ठाण्याच्या नाहीतर कल्याणच्या आधारवाडी कारागृहात नेऊन सोडते. तेथे क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे कोंबलेली. यंत्रमागावर रात्रपाळी करून चार जणांचे पोट भरणारा तरुण आत गेला की त्याच्यावर कोणीच अवलंबून राहत नाही. सुटल्यावर संसाराच्या मुळावर येते ती हीच सवय.

या सवयीवरचा उपाय अमेरिकेत योगायोगाने हाती लागला. ओहायो राज्यात लिमा येथे मनोरुग्ण गुन्हेगारांचे रुग्णालय होते. १९७५ मध्ये तेथील बंद्यांना एक जखमी चिमणी सापडली. एरवी एकमेकांशी चकार शब्द न बोलणाऱ्या त्या माणसांनी तिला लपवले, किडे पकडून भरवले. पुढे त्या विभागात रीतसर प्राणी ठेवले गेले; मारामाऱ्या घटल्या, औषधेही कमी लागू लागली. १९८१ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या महिला कारागृहात बेवारस कुत्री बंदी स्त्रियांच्या स्वाधीन करण्यात आली. त्यांनी शिकवलेली कुत्री अपंगांच्या मदतीला जाऊ लागली. कुत्रा आरोपपत्र वाचत नाही. मात्र भुकेची वेळ झाली की तो तिच्याचकडे पाहतो.

ही पाश्चात्त्यांची थेरे वाटत असतील, तर आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवावे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये भिंतींविना वसवलेल्या या वसाहतीत कैद्यांच्या हाती शेती दिली गेली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट त्यातूनच स्फुरला. (दत्ताच्या तसबिरीतील श्वानांना हात जोडणारे आपण दारातल्या कुत्र्याला दगड मारतो, हा भाग वेगळा.)

माणसालाच कूस बदलायला जागा नाही अशा बराकीत कुत्रा नेणे हा दोघांवरही अन्याय होईल. म्हणून प्रारंभ पैठणसारख्या खुल्या कारागृहात, निवडक शिक्षाबंद्यांपासून व्हावा. लसीकरण आणि पशुवैद्य हवेतच. क्रौर्याचा इतिहास असलेल्यांना दूर ठेवावे. याच्या मोबदल्यात शिक्षेत सूट मात्र एक दिवसाचीही नको. ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांचे दुःख कुत्र्याने हलके होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये व स्थानकांच्या आवारातील मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. त्या निवाऱ्यांना कुत्र्याची भाषा कळणारी माणसे लागणार आहेत. असे काम शिकून सुटलेला एखादा भिवंडीकर दाराशी आला, तर त्याला आत घ्यायला कोण तयार आहे, हे आजच विचारून ठेवलेले बरे.