आमचा दम सरकारी, तिचा दम चोरीचा

"बाईमाणसाचं काम नव्हे ते."

गेल्या पंधरवड्यात हे वाक्य मी चार जणांच्या तोंडून, तीन भाषांत ऐकलं. आमच्या छावणीतल्या एका नायब सुभेदारांची पत्नी गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला गेली आणि सायकलच्या टप्प्यावर अकरा मिनिटांनी बाद झाली. नवराबायको गाडीतून उतरून क्वार्टरपर्यंत पोहोचायच्या आत इथे फैसला झाला होता. पुरावे नाहीत, साक्षीदार नाहीत, थेट शिक्षा. आज तो फैसला मी इथे उघडपणे नाकारणार आहे.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाफ आयर्नमॅन म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल, लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट : ३.८, १८० आणि ४२.२. मध्ये विश्रांती नाही. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते, ती हुकली की तिथेच थांबवतात. गोव्यात ही हाफ शर्यत पहिल्यांदा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये झाली.

या खेळातली एक गोष्ट आमच्या मेसमधल्या न्यायाधीशांना ठाऊक नसावी. इथे बायकांसाठी अंतर कमी नाही आणि घड्याळही वेगळं नाही. आपल्या फौजी टेस्टमध्ये बायकांचं टायमिंग वेगळं असतं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर फ्रीस्टाइल १९०८ पासून आहे, बायकांची मात्र टोकियोत २०२१ साली पहिल्यांदा झाली. बायकांना एवढं लांब पोहणं झेपेल का, हे ठरवायला शंभरावर वर्षं लागली. आयर्नमॅनमध्ये समुद्र तोच, रस्ता तोच आणि मर्यादाही तीच. म्हणून 'झेपतं की नाही' या प्रश्नाचं उत्तर शोधायला याहून चांगली जागा नाही.

मग उत्तर काय आहे ते बघू. ही शर्यत जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने आणि त्याची बायको ज्युडी हिने मिळून हवाई बेटांवर १९७८ मध्ये सुरू केली. म्हणजे मूळ कल्पनाच एका वर्दीवाल्याच्या घरातून आलेली. पहिल्या वर्षी सगळे पुरुष होते. दुसऱ्याच वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि एकूण क्रमवारीत पाचवी आली. बायकांमध्ये पाचवी नव्हे, सगळ्यांमध्ये पाचवी.

त्याहून मागे जायचं? गर्ट्रूड एडर्लीने १९२६ मध्ये इंग्लिश खाडी साडेचौदा तासांत पोहून पार केली. तोवर पाच पुरुषांनी ती पार केली होती, आणि त्यांच्यातल्या सर्वांत वेगवान माणसापेक्षा तिला जवळजवळ दोन तास कमी लागले. आपल्याकडच्या आरती साहा यांनी २९ सप्टेंबर १९५९ ला तीच खाडी पार केली, आशियातली पहिली बाई म्हणून. आणि आजचं बघायचं तर जर्मनीतल्या रोथची पूर्ण अंतराची शर्यत बघा. २०२४ मध्ये तिथे मॅग्नस डिटलेव्हने ७ तास २३ मिनिटं घेतली, अ‍ॅन हाउगने ८ तास २ मिनिटं. फरक नऊ टक्क्यांच्या आसपास. मेसमध्ये फैसला सुनावणाऱ्या आम्हा चौघांना अ‍ॅन हाउगच्या मागे सायकलवर सोडलं तर पहिल्या दहा किलोमीटरनंतर तिची पाठसुद्धा दिसणार नाही.

तेव्हा शरीराचा मुद्दा इथेच निकालात निघतो. तरी वहिनी बाद झाल्या हे खरंच आहे. का झाल्या, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो मी विचारतो, आणि आधी आपल्यापासून सुरुवात करतो.

आपल्याला स्टॅमिना कुठून आला, फौजी बांधवांनो? रोज पहाटे पीटीचं फॉलिन असतं. शिट्टी वाजली की मैदानात. बूट सरकारी, मैदान सरकारी, उस्ताद सरकारी, आणि धावलेल्या त्या तासाचा पगारसुद्धा सरकारी. परत आलो की लंगरमध्ये चहा आणि पुरी तयार. बीपीईटीच्या पाच किलोमीटरला पायात गोळा आला तर एमआय रूम आहे. धावायला जाण्यासाठी आपण आजवर कोणाची परवानगी मागितली? उलट गेलो नाही तर पेशी होते. आपला दम आपल्याला बेल्ट आणि मच्छरदाणीसारखा इश्यू झालेला आहे. तो आपल्या मर्दानगीतून उगवला, असं समजणं म्हणजे स्टोअरचं सामान स्वतःच्या नावावर लावणं.

आता वहिनींचा रोजचा कार्यक्रम ऐका. सध्याचं पोस्टिंग पंजाबात, सरहद्दीच्या बाजूला. ठिकाणाचं नाव लिहिणार नाही. वहिनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या, त्यामुळे पाण्याचं भय नाही. इथल्या तलावात बायकांसाठी एक तास राखून ठेवलाय, दुपारी बारा ते एक. सकाळ पुरुषांची, संध्याकाळ पुरुषांची. बाराला शाळा चालू असते. म्हणजे पोहणं फक्त रविवारी, तेही जून महिन्यातल्या पंजाबी उन्हात.

सायकल जुनी, दुसऱ्याच्या हातची, स्वतःच्या पगारातून साठवून घेतलेली. ती चालवायची कुठे? छावणीच्या गेटबाहेर पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वाळूचे डंपर आणि कुत्रे. ते एक वेळ परवडलं, पण दुसऱ्या आठवड्यात मोटारसायकलवरची दोन पोरं चार किलोमीटर मागे लागली. त्या दिवसापासून सायकल घरात आली. मागचं चाक स्टँडला लावून व्हरांड्यात तीन-तीन तास पॅडल मारायचं, समोर भिंत. ज्यांनी असं केलंय त्यांना विचारा. पायांत ताकद येते, पण वारा अंगावर घेणं, वळण कापणं, चालत्या सायकलवर पाणी पिणं, शंभर जणांच्या गर्दीत चाक सांभाळणं हे भिंत शिकवत नाही. आणि गोव्याच्या दमट हवेत नव्वद किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर नेमकं तेच लागतं.

धावणं पहाटे साडेतीनला, फॅमिली क्वार्टरच्या भोवती, गोल गोल. कारण साडेपाचला दूध, डबे, दोन पोरांची शाळेची तयारी, आणि सातला स्वतः शाळेत. सासूबाई महिनाभर इथे होत्या. त्यांना चालण्याचं सांगून वहिनी धावायला जायच्या. चाळीस वर्षांची शिक्षिका, स्वतःच्या पायांनी धावायचं तर खोटं बोलून. वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी धावण्यासाठी आईशी खोटं बोललंय, हात वर करा.

अकरा मिनिटांचा हिशोब आता मांडा. पोहण्यात त्या वेळेच्या बऱ्याच आत होत्या. विहिरीने शिकवलं ते टिकलं. रस्त्याने शिकवायचं होतं ते राहिलं, कारण रस्ता त्यांना मिळालाच नाही. हा दोष शरीराचा कसा?

ही एका घरची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. २०१९ मध्ये सरकारनेच देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली, दिवसाचे चोवीस तास कोण कशात घालवतो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. करणारे पुरुष तरी किती? शंभरात सव्वीस. बायका शंभरात एक्याऐंशी. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. हाफ आयर्नमॅनची सायकल आणि वर थोडं धावणं एवढ्यात बसतं. आपली बाई रोज तेवढा वेळ देते आणि त्याचं मेडल कोणी गळ्यात घालत नाही. वर आपण विचारतो, हिला प्रॅक्टिसला वेळ का मिळत नाही.

आता त्या लोकांकडे वळतो जे स्वतःला समजूतदार म्हणवतात. ते असं म्हणत नाहीत की बाईचं काम नव्हे. ते म्हणतात, "साहेबांचं मन मोठं हो, परवानगी दिली." आणि वर्तमानपत्रात मथळा येतो : 'घर-संसार सांभाळून मिळवलं यश'. मला पहिल्या चार जणांपेक्षा या मंडळींचा जास्त राग येतो. गेल्या वर्षी आमच्याच युनिटच्या एका हवालदाराने फुल मॅरेथॉन केली, तेव्हा कोणी लिहिलं का 'संसार सांभाळून'? त्याच्या बायकोचं मन मोठं, असं कोणी म्हटलं का? परवानगी हा शब्द जिथे येतो तिथे वेळ कोणाच्या मालकीची आहे हे कळतं. बाईच्या वेळेचा सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे असं तुम्ही धरून चालता, आणि त्यातली दोन गुंठे तिला वापरायला दिली म्हणून नवऱ्याला हार घालता.

हेच मोठ्या पातळीवर झालंय. फौजेत बायकांना परमनंट कमिशन द्यायचं नाही याची कारणं म्हणून शरीराच्या मर्यादा, बाळंतपण आणि घरच्या जबाबदाऱ्या सुप्रीम कोर्टात मांडल्या गेल्या. १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने ती कारणं ठरीव साच्यातली म्हणून बाजूला सारली. २०२५ च्या मे महिन्यात एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, पास आउट झाली. त्या सतरा जणींमध्ये आणि वहिनींमध्ये फरक इतकाच की त्या मुलींना पीटी, उस्ताद आणि मैदान मिळालं. खुद्द आयर्नमॅनवाल्यांनीसुद्धा हवाईच्या अंतिम शर्यतीत काही वर्षं व्यावसायिक पुरुषांना ५० जागा आणि बायकांना ३५ ठेवल्या होत्या. खेळाडूंना त्याविरुद्ध मोहीम चालवावी लागली. २०२३ मध्ये त्याच ठिकाणी फक्त बायकांची शर्यत झाली आणि सुमारे दोन हजार जणी उतरल्या. जागा दिली की जागा भरते.

शरीराचा विचार करायचाच असेल तर खरा करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. अशा अंगाने रोज दोन तास घाम गाळणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कोणी तपासलंय का? सगळ्यांना वाढून उरलेलं खायचं आणि त्यावर आयर्नमॅनची तयारी करायची, यात हाडं झिजतात, पाळी चुकते, मग बंद होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन इशारा दिला : व्यायामाला पुरेल एवढं अन्न पोटात गेलं नाही तर शरीर एकेक खातं बंद करत जातं. पाळी बंद होणं ही फिटनेसची खूण नव्हे. पण हे बोलायचं कोणाशी? कोच पुरुष, नवरा संकोचतो, सासूला तर धावणंच माहीत नाही. रंगरुटाच्या नडगीला बारीक फ्रॅक्चर झालं तर उस्ताद त्याला एमआय रूमला धाडतो. वहिनी दोन महिने दुखरी नडगी घेऊन धावल्या, कारण दुखतंय म्हटलं की घरचे म्हणणार, सोड मग.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. हा खेळ महाग आहे. प्रवेश फी, सायकल, प्रवास, यात शिपायाचा पगार पुरत नाही. कबूल. प्रत्येक बाईने आयर्नमॅन करावी असं मी म्हणतच नाही. पण दुपारच्या तलावाचा, पहाटेच्या रस्त्याचा आणि रविवारच्या चार तासांचा पैशाशी काय संबंध? ते तर फुकट देता येतं, आणि नेमकं तेच आपण देत नाही.

म्हणून आपल्या लोकांकडे माझं मागणं साधं आहे. जिथे तलाव आहे तिथे बायकांना सकाळचा तास मिळू दे, निदान दोन लेन. रविवारी पहाटे छावणीतला लांबचा रस्ता दोन तास सायकलींसाठी मोकळा ठेवू दे, क्रॉस कंट्रीच्या वेळी ठेवतो तसा. फॅमिली वेल्फेअरच्या बैठकीत लोणच्याच्या स्पर्धेबरोबर रक्ततपासणीही होऊ दे.

आणि नवरेमंडळींनो, हे शेवटचं तुमच्यासाठी. गार्ड ड्युटीचा रोस्टर आपण वाचता डोळा पाठ करतो. तसाच एक कागद घरच्या फ्रीजवर लावा. रविवार, पहाटे चार ते नऊ : दूध, डबे, पोरं. समोर स्वतःचं नाव लिहा, सही करा. परवानगी देऊ नका, ड्युटी करा. वहिनींनी पुढच्या वर्षासाठी पुन्हा नाव घालायचं ठरवलंय. त्यांच्या घरी कागद लागला आहे. आता तुमच्या घरी कधी लावताय, ते कळवा.