मंडपातले पुस्तक दुकानाच्या फळीवर कधी येणार?

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात आणि अकोल्याच्या अशोक वाटिकेत पाय ठेवायला जागा नसते. बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून माणसे वळतात ती पुस्तकांच्या स्टॉलकडे. विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी अकोल्यात भरणाऱ्या धम्ममेळाव्यात, नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मुंबईच्या चैत्यभूमीवर हेच दृश्य दिसते. दिवसभर राबणारा मजूरही एखादी पुस्तिका घेतल्याशिवाय घरी परतत नाही. आंबेडकरी समाज वाचतो, आणि पदरचे पैसे मोजून वाचतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पण मंडप उतरल्यावर काय होते? आठ दिवसांनी त्याच शहरातील पुस्तकांच्या दुकानात जाऊन तेच पुस्तक मागा. "आमच्याकडे ते येत नाही," हेच उत्तर बहुधा मिळते. वऱ्हाडातील आपल्या लेखकांची पुस्तके वर्षातले चार-सहा दिवस रस्त्यावर दिसतात आणि उरलेले वर्ष लेखकाच्या घरात दिवाणाखाली गठ्ठ्यांत पडून राहतात. लेखक कोण? निवृत्त शिक्षक, एस. टी.तला वाहक, बँकेतला कर्मचारी, गायन पार्टीचा कवी. भविष्य निर्वाह निधीतले पैसे काढून त्याने पाचशे प्रती छापलेल्या असतात. शंभर भेट जातात, शंभर स्टॉलवर विकल्या जातात आणि उरलेल्यांना वाळवी लागते. लेखक गेला की पुस्तकही जाते.

हा प्रश्न एका लेखकाच्या नुकसानीपुरता नाही. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढाही याच शहरातला. गावोगावच्या अशा लढ्यांची, बाबासाहेबांच्या सभांना बैलगाडीने गेलेल्या माणसांची, १९५६ नंतर गावकीची कामे नाकारणाऱ्या आजोबा-पणजोबांची नोंद कोण करतो? पुण्या-मुंबईचे मोठे प्रकाशक करत नाहीत. ती आपला हा स्वखर्चाने छापणारा लेखकच करतो. त्याचे पुस्तक बाजारात नसेल, तर उद्याचा संशोधक दुसऱ्यांनी लिहिलेला आपला इतिहास वाचेल.

दाराबाहेर उभे केले जाणे चळवळीला नवे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण नको म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. किंमत आठ आणे. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा जगभर वाचला जाणारा ग्रंथ मुळात लेखकाने स्वतः प्रकाशित केलेले पुस्तक आहे, हे स्वखर्चाने छापणाऱ्याला हिणवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक प्रसंग. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या छपाईचा सुमारे वीस हजारांचा खर्च आपल्या कुवतीबाहेरचा आहे, सरकारने ग्रंथालयांसाठी पाचशे प्रती घ्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. बुद्ध जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले आणि जयंतीच्या उत्सवात पुस्तक विक्रीला ठेवता येईल, असे सुचवण्यात आले. म्हणजे थोडक्यात, स्टॉल लावा! ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला, पण तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते. तेव्हापासून आजतागायत आपण स्टॉलच लावत आहोत. स्टॉलने चळवळ जगवली, यात शंका नाही. पण स्टॉल हीच आपली कायमची जागा, असे आपणही मानून बसलो आहोत काय?

दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. वऱ्हाडातील बहुतेक दुकाने जून-जुलैतील वह्या-पुस्तकांवर, गाइडांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर चालतात. इतर पुस्तकांना एखादी फळी मिळते. त्या फळीवर तो जे खपेल तेच ठेवतो. काही जण मुखपृष्ठावरचा निळा रंग आणि लेखकाचे आडनाव पाहूनच हात आखडतात, हेही खरे आहे आणि ते बोललेच पाहिजे. पण सगळा दोष तिथे टाकून मोकळे होता येणार नाही.

आपला लेखक समाजाला परवडावे म्हणून पुस्तकाची किंमत छपाईच्या खर्चाएवढीच ठेवतो. भावना चांगली, पण हिशेब चुकीचा. दुकानदार साधारण तीस ते चाळीस टक्के कमिशन मागतो. ऐंशी रुपये खर्चाचे पुस्तक शंभराला ठेवले आणि चाळीस कमिशन दिले, तर लेखकाच्या हाती साठ उरतात, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे वीस रुपयांचा तोटा. तेच पुस्तक दोनशेला ठेवले, तर कमिशन जाऊन एकशे वीस उरतात. स्टॉलवर त्यावर खुशाल सवलत द्यावी, पण छापील किंमत दुकानाचा विचार करूनच ठरवावी.

दुसरे, पुस्तकाच्या कण्यावर नाव छापलेले असावे, नाहीतर फळीत उभे केलेले पुस्तक कोणाला दिसणार? आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, तो घ्यावा. तिसरे, दुकानदाराच्या गळ्यात पन्नास प्रती मारू नयेत. पाच प्रती जांगड ठेवाव्यात, म्हणजे विकल्या तर पैसे आणि न विकल्या तर प्रती परत. चलानावर प्रतींची संख्या, कमिशन आणि हिशेबाची तारीख लिहून सही घ्यावी. दर तीन महिन्यांनी जाऊन हिशेब करावा. तोंडी व्यवहारात पैसेही बुडतात आणि संबंधही.

चौथे, ग्रंथालये. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. अ, ब, क, ड वर्गातील या ग्रंथालयांना जनतेच्या पैशातून अनुदान मिळते. त्यात आपलाही पैसा आहे. मग तिथल्या कपाटात आपली पुस्तके किती, हे विचारायला कोणी जाते काय? वाचकाने सभासद व्हावे आणि पुस्तकाची मागणी लेखी द्यावी. लेखकानेही १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रत पाठवावी. स्वतः छापणारा लेखक हाच प्रकाशक असतो, त्यामुळे ही जबाबदारी त्याची आहे. घरातले गठ्ठे संपले तरी तिथली प्रत राहते.

पण सर्वांत मोठी जबाबदारी वाचकाची आहे. दुकानदार लेखकाच्या विनवणीने हलत नाही, गिऱ्हाइकाच्या मागणीने हलतो. एका महिन्यात दहा वेगवेगळ्या माणसांनी एकाच पुस्तकाचे नाव विचारले, तर अकरावा येण्याआधी तो लेखकाचा फोन नंबर शोधेल. आपण मात्र ओळखीच्या लेखकाकडून फुकट प्रतीची अपेक्षा ठेवतो. प्रकाशन सोहळ्यात मंडप, ध्वनिक्षेपक आणि हारतुऱ्यांवर हजारो रुपये जातात आणि विचारपीठावरचे पाहुणे भेट मिळालेली प्रत काखेत मारून निघून जातात. हा प्रकार थांबला पाहिजे. हारांऐवजी पाहुण्यांनी व्यासपीठावरच पुस्तक विकत घ्यावे. प्रत्येक विहारात विक्रीचे एक कपाट असावे आणि त्याची किल्ली व हिशेब महिला मंडळाकडे द्यावा. अमरावती, अकोल्यातील पाच-दहा लेखकांनी आपापल्या पुस्तकांची एकच यादी करून एकाच माणसामार्फत दुकानांशी व्यवहार ठेवावा. एकट्याला नाही म्हणणारा दुकानदार पंधरा पुस्तकांच्या यादीला सहज नाही म्हणणार नाही.

बाजारपेठ ही सार्वजनिक जागा आहे आणि सार्वजनिक जागेवरचा हक्क आपल्याला कोणी आपण होऊन दिलेला नाही, तो वापरूनच मिळवावा लागला आहे. येत्या रविवारी मुलांना घेऊन आपल्या शहरातील पुस्तकांच्या दुकानात जा, आपल्या भागातील लेखकाच्या पुस्तकाचे नाव घ्या, नसेल तर मागवायला सांगा आणि आले की रोख पैसे देऊन घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा!