'सगळं स्वतःवर असतं' हे कुणाच्या सोयीचं?

दरवर्षी जून-जुलै आला की माझ्या फोनवर पीडीएफ यायला लागतात. मागच्या वर्षीचे कट-ऑफ, कॅप राउंडचं वेळापत्रक आणि नात्यातल्या कुणीतरी तयार केलेली ऑप्शन फॉर्मची यादी. घरात इंजिनिअर झालेली आणि आयटीत नोकरी करणारी एखादी ताई असली की तिला हे चुकत नाही. यंदा मामेबहिणीची यादी आली. 84 पर्याय. वरपासून खालपर्यंत कम्प्युटर, आयटी, एआय-डेटा सायन्स. कॉलेजं मात्र पुण्यापासून नाशिकपर्यंत दिसेल ती.

"ताई, ब्रँच मिळाली म्हणजे झालं ना? कॉलेज कुठलं का असेना?"

मागून मामा म्हणाला, "अगं, कॉलेजचं काय घेऊन बसलीस. सगळं स्वतःवर असतं."

माझं भांडण या वाक्याशी आहे. मामाशी नाही, त्याने ते कुठूनतरी ऐकलंय. ते सगळीकडेच ऐकू येतं. फर्स्ट इयरच्या इंडक्शनला पाहुणे म्हणून आलेले साहेब तेच म्हणतात. लिंक्डइनवर रोज कुणीतरी तेच लिहितं, आणि बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या नावाखाली आयआयटीचं नाव असतं. चांगल्या कॉलेजात चार वर्षं काढून 'कॉलेजने काही फरक पडत नाही' म्हणणं म्हणजे पोटभर जेवून उठल्यावर उपवासाचे फायदे सांगणं.

पण या वाक्याचा खरा फायदा होतो तो संस्थेला. मुलाला नोकरी लागली की चौकात फ्लेक्स लागतो, फोटो आणि पॅकेजसकट. नाही लागली तर 'त्याने मेहनत घेतली नाही'. म्हणजे यश कॉलेजचं आणि अपयश मुलाचं. वर्षाला लाख-दीड लाख फी घेऊन इतकी बिनजोखीम सेवा दुसरं कोण देतं? बिल्डरसुद्धा देत नाही, त्याला निदान रेरा आहे.

माझं कॉलेज हायवेला लागून, शहराबाहेर होतं. 75 टक्के अटेंडन्स सक्तीचा, त्यामुळे दिवसभर वर्गात बसून पीपीटी वाचून दाखवलेली ऐकायची. संध्याकाळी जर्नल लिहायचं, म्हणजे मागच्या बॅचचं उतरवून काढायचं. फायनल इयरचा प्रोजेक्ट अर्ध्या वर्गाने विकत आणला होता आणि व्हायवा घेणाऱ्या सरांनाही ते ठाऊक होतं. पण याचं मला फारसं काही वाटत नाही. राग येतो तो गेटचा.

मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद व्हायचं. लायब्ररीचा रीडिंग हॉल रात्री अकरापर्यंत उघडा असायचा. आमच्यापासून चालत चार मिनिटांवर. कोडिंग क्लब साडेआठला मुलांच्या मेसमध्ये भरायचा, कारण दिवसभर लेक्चर आणि त्यानंतर जर्नल. वर्गातला एक मित्र रोज रात्री व्हाइटबोर्डचे फोटो काढून पाठवायचा. दोन वर्षं मी ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रामिंग त्या फोटोंतून शिकले. कोपऱ्यात कुणाचा तरी हात आलेला, निम्मा बोर्ड पुसलेला. आता सांगा, यातलं स्वतःवर काय होतं? मेहनत? ती त्या मित्राइतकीच केली. फरक एवढाच, की प्रश्न विचारायला तो तिथे होता आणि मी कुलपाच्या आत होते.

'सगळं यूट्यूबवर असतं' हा पुढचा युक्तिवाद. असतंच. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची अख्खी लेक्चर्स एनपीटीईएलवर फुकट आहेत, मीही पाहिलीत. म्हणूनच तर विचारायला हवं, की लेक्चर फुकट मिळत असताना कॉलेज लाख रुपये कशाचे घेतं? जे व्हिडिओत नाही त्याचे. सोबतीची माणसं, उघडी लॅब, तुमचा कोड बघून 'हे चुकलंय' म्हणणारा एखादा सीनियर, आणि चुकलेलं पुन्हा करायला वेळ. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 ने 20 उपग्रह सोडले. त्यात पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' होता. एका बॅचने सुरू केलं, ती पास होऊन गेली, पुढच्यांनी उचललं, असं वर्षानुवर्षं चाललं. ती मुलं हुशार होती, मान्य. पण हुशार मूल एकटं खोलीत बसून उपग्रह बनवत नाही. त्याला एक खोली लागते जिची किल्ली विद्यार्थ्यांकडे असते.

हो, माझ्या कॉलेजातूनही मुलं पुढे गेली. मीही गेले. कॅम्पसमधून काही मिळालं नाही, पास झाल्यावर आठ महिने घरी बसून अर्ज केले, मग लागली नोकरी. पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून माझा फोटो छापला होता. मला विचारलंही नव्हतं. फोटो आयकार्डावरचा होता.

म्हणून मामेबहिणीला म्हटलं, यादी बाजूला ठेव, आधी चौकशी कर. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीज होते, त्यामुळे यादीचा क्रम हा सहज लिहायचा क्रम नाही.

फ्लेक्सवरच्या 'हायेस्ट पॅकेज'कडे बघायचंच नाही. तो एका मुलाचा पगार आहे, तुझा नाही. एनआयआरएफ रँकिंगसाठी कॉलेजला जी माहिती भरावी लागते ती त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असते. किती मुलं घेतली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळाला तो आकडा. हे आकडे कॉलेजनेच भरलेले असतात, त्यामुळे डोळे झाकून विश्वास नको. पण स्वतःच भरलेला मीडियन आणि स्वतःच लावलेला फ्लेक्स यांत जेव्हा तिप्पट-चौपट अंतर दिसतं, तेव्हा बरंच काही कळतं. पीडीएफच नसेल तर तेही उत्तरच.

मग एआयसीटीईच्या नियमाने लावावं लागणारं 'मॅन्डेटरी डिस्क्लोजर' उघडायचं आणि शिक्षकांची नावं मोजायची. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम आहे. 2024 पासून एका ब्रँचच्या जागांवरची वरची मर्यादा एआयसीटीईने काढून टाकली, आणि कॉलेजांनी कम्प्युटरच्या तुकड्या वाढवायला घेतल्या. तुकडी कागदावर वाढते. लॅब वाढली का, शिकवणारे वाढले का, हे आपण विचारायचं असतं. 'कम्प्युटर मिळालं' म्हणून पेढे वाटणारे हे विचारत नाहीत. ब्रँच महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. पण नावात कम्प्युटर असलेल्या रिकाम्या खोलीपेक्षा चांगल्या कॉलेजातलं ईएनटीसी मी कधीही घेईन. माझ्या टीममध्ये आज ईएनटीसीचे दोघे आहेत आणि एक सिव्हिलचा.

हे झालं कागदाचं. खरी तपासणी संध्याकाळी पाचनंतर. अ‍ॅडमिशनच्या टेबलवर हसणाऱ्या मॅडमना काही विचारू नकोस. कँटीनमध्ये जा, थर्ड इयरची मुलं शोध. लायब्ररी किती वाजेपर्यंत? सुट्टीच्या दिवशी लॅब मिळते का? मुलींचं गेट कधी बंद होतं? फायनल इयरचे प्रोजेक्ट कुठून आणता, या प्रश्नावर ती एकमेकांकडे बघून हसली तर पुढचं विचारायची गरज नाही.

2024-25 पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. चांगलंच केलं. पण शुल्क माफ झालेली मुलगी साडेसातला आत कोंडली जाणार असेल, तर तिला निम्मंच कॉलेज मिळालं. आणि हे नियमातही बसत नाही. सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असं यूजीसीच्या 2015 च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. मला ते चार वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही. आम्ही वॉर्डनच्या नावाने बोटं मोडत मॅगी खात बसलो.

माझ्यानंतर दोन वर्षांनी चार ज्युनियर मुलींनी ते शोधलं. नियमावलीची प्रिंट, आईवडिलांची संमतीपत्रं, लायब्ररीच्या वेळांचा फोटो असं सगळं जोडून प्राचार्यांना अर्ज दिला. पोच घेतली. महिनाभर उत्तर नाही, म्हणून दुसरा अर्ज. मग एकीच्या घरी फोन गेला, 'तुमची मुलगी राजकारण करते' म्हणून. तिच्या वडिलांनी सांगितलं, संमतीपत्रावर सही माझीच आहे. तिसऱ्या महिन्यात गेट दहापर्यंत झालं. कॉलेजचा पुरेपूर उपयोग करून घ्या म्हणतात, तो मला तरी एवढाच माहीत आहे. सर्टिफिकेटं गोळा करून तो होत नाही.

मामेबहीण परवा दोन कॉलेजं बघून आली. संध्याकाळी मेसेज आला: "पहिल्यात गेटवरचे काका म्हणाले सात. दुसऱ्यात साडेनऊ. आणि तिथे वर्कशॉपमध्ये साडेसहाला पण मुलं-मुली गाडीची फ्रेम वेल्ड करत होती. एका मुलीने मला गॉगल दिला, म्हणाली बघ."

ते दुसरं कॉलेज तिच्या यादीत 37 वं होतं. तिथे कम्प्युटर मिळणार नाही, मिळालं तर ईएनटीसी. तिने ते दोन नंबरला आणलंय. मामाने परत खाली नेलं. तिने परत वर आणलं. फॉर्म उद्या पाचला बंद होतो.